राक्षसांची भीती माझ्याकडे होती

नंदाकाकू राणे. हे नाव मी सगळ्यात आधी लिहून ठेवते आहे. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की या मुलीनं सगळं एकटीनं निभावलं. एकटीनं मी फक्त घाबरले. बाकी जे काही झालं त्यात काकूंचा हात होता, आणि बऱ्याचदा त्या हातात वीस बाजूंचा एक हिरवा फासा होता.

सध्या मार्च सुरू आहे आणि दुकानाचं शटर खाली आहे. कोपऱ्यावरच्या शाळेत दहावीचं केंद्र असलं की पेपरच्या वेळात आम्हाला झेरॉक्सचं दुकान बंद ठेवावं लागतं. मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते घरी जेवायला जातात. मी आतच राहते. मशीन बंद केली तरी तिच्या पोटात बराच वेळ ऊब असते. टोनरचा जळका, किंचित गोड वास असतो. शटरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी काउंटरवर पडते आणि हळूहळू स्टेपलरकडे सरकते. बाहेर एवढी शांतता की शाळेची घंटा कानात न वाजता पोटात वाजते. मला ती परीक्षा देऊन तीन वर्षं झाली. तरी घंटा झाली की तळहाताला घाम सुटतो आणि मी तो ओढणीला पुसते.

सकाळी एक मुलगी हॉलतिकिटाची झेरॉक्स काढायला आली होती. दोन वेण्या, हातात पारदर्शक पाऊच, ओठ पांढरे. मी म्हटलं, "ओरिजिनल घेतलंस का?" तिनं मान हलवली आणि ओरिजिनल काचेवर तसंच ठेवून निघाली. मी धावत जाऊन तिला गाठलं. ती "थँक्यू ताई" म्हणाली, पण माझ्याकडे बघत नव्हती. ती कुठे बघत होती ते मला ठाऊक आहे. मीही तिकडेच बघत असायची.

माझं गाव हिंगोलीकडे, कयाधूच्या काठापासून जरा आत. नववीच्या वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर होता. आमच्याकडे वर्गाबाहेर चपला काढून आत बसायची पद्धत. पेपर हातात आला, मी पहिला प्रश्न वाचला, मग परत वाचला. अक्षरं होती पण त्यांचं काही होत नव्हतं. छातीवर कुणीतरी पोतं टाकावं तसं झालं. सर पाठीमागून चालत येत होते, त्यांच्या पावलांचा आवाज येत होता, आणि प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, आता माझा कोरा कागद सगळ्यांसमोर वर धरतील. मी उठले. दारातून माझ्या चपला घेतल्या, हातातच घेतल्या, आणि चालत सुटले. कुणी अडवलं नाही. हीच गोष्ट मला पुढे किती वर्षं भीतीची वाटली, की कुणी अडवलं नाही. त्यानंतर मी शाळेत गेले नाही. दोन वर्षांनी आत्यानं मुंबईला आणलं. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहिलंय, पालकांच्या विनंतीवरून. आई-बापानं कसलीच विनंती केली नव्हती. तिथं खरं कारण लिहायला रकाना पुरला नसता.

अण्णांनी कामावर ठेवताना विचारलं होतं, "दहावी झालीये ना?" मी हो म्हटलं. त्यांनी परत कधी विचारलं नाही. पण मी ते हो रोज सोबत घेऊन दुकान उघडायची आणि रोज सोबत घेऊन बंद करायची.

मग एका वर्षी पाऊस सरता सरता मी हिय्या केला आणि बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला घेतला. कुणाला सांगितलं नाही. आत्यालाही नाही. अण्णा नसताना दाखल्याची झेरॉक्स काढायची, आणि गुपचूप फाईल करायची, एवढाच बेत होता.

त्याच आठवड्यात नंदाकाकू आल्या. साठीच्या आतबाहेर, अंगावर सुती पंजाबी ड्रेस, खांद्याला औषधकंपनीची जुनी पिशवी. आयुष्यभर सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर लिहिल्यामुळे असेल, बोलताना त्या समोरच्याकडे चष्म्यावरून बघायच्या. पिशवीतून त्यांनी हातानं लिहिलेली आठ पानं काढली. चारांवर बारीक अक्षरात नुसते तक्ते, आकडे. चारांवर रंगीत चित्र, सलग एक ड्रॅगन, जो मला घोरपडीसारखा वाटला.

"हे लॅमिनेट करायचं, पुठ्ठ्याला दोन्हीकडून लावायचं आणि कापडी टेपनं जोडायचं," त्या म्हणाल्या. "उभं राह्यलं पाह्यजे. आडोसा आहे तो. खेळाचा."

"कसला खेळ?"

"भुयारात उतरायचा. तू कर गो नीट, मग सांगते."

मी मन लावून केलं. चार पुठ्ठे, कडा सरळ, टेप कुठं फुगलेली नाही. आणि पूर्ण उलटं केलं. आमच्या दुकानात लिहिलेली बाजू गिऱ्हाइकाकडे असते. दरपत्रक असो, सूचना असो, हात आपोआप तशीच लावतो. म्हणून मी तक्ते बाहेरच्या बाजूला लावले आणि ड्रॅगन आत.

आता तो खेळ सांगितल्याशिवाय ही चूक केवढी मोठी ते कळणार नाही. टेबलाभोवती दोन-चार माणसं बसतात. प्रत्येकजण एक माणूस होतो, कुणी तलवारवाला, कुणी मंत्रवाला, कुणी कुलपं उघडणारी चोर. एकजण मात्र काहीच होत नाही, तो खेळवतो. भुयार त्याच्या डोक्यात असतं, नकाशा त्याच्याकडे असतो, राक्षस, सापळे, खजिना सगळं त्याला माहीत. तो सांगतो, पायऱ्या खाली जातायत, पाण्याचा आवाज येतोय, मशाल अर्धी जळली आहे. बाकीचे सांगतात आम्ही काय करतो, आणि फासे टाकतात. काकू खेळवत होत्या तो जुन्या पद्धतीचा, ज्यात कुणाची गय नसते. चुकीच्या फरशीवर पाय पडला की माणूस गेला. नवा कागद घ्यायचा आणि नवं नाव लिहायचं. खेळवणाऱ्याच्या पुढ्यात तो आडोसा उभा असतो. आतल्या बाजूला तक्ते, म्हणजे कुठला फासा पडला की काय होतं, कुठल्या दारामागे काय आहे ते. समोरच्यांना फक्त चित्र दिसायला हवं.

काकू दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या तेव्हा बगलेत आडोसा होता. मी तो बघितला आणि चूक माझ्या लक्षात आली. एका क्षणात सगळं डोक्यातून गेलं. अण्णा ओरडतील, मग म्हणतील तुला वाचता येतं का गं, मग दाखला मागतील. मी पाठ करून ठेवल्यासारखं म्हटलं, "काकू, मी परत करून देते, अण्णांना सांगू नका."

काकू मात्र हसत होत्या. हसता हसता त्यांना खोकला आला.

"अगो ऐक तर," त्या म्हणाल्या. "तासभर खेळवलं मी. चित्र माझ्या बाजूला आलेलं बघून मला वाटलं, बरं केलंय पोरीनं, म्हातारीला बघायला कायतरी. तक्ते मला पाठच आहेत. आणि समोर ही दोन गाढवं. सेजल कधी नव्हे ती खड्ड्याला वळसा घालून गेली. प्रसाद सरळ तिसऱ्या घड्याकडे, खजिना त्यातच. मी म्हटलं, आज यांच्या अंगात काय आलंय. शेवटी प्रसादच बोलला, काकू, डाव्या दारामागे सांगाडे सहा आहेत की आठ, तुमचं अक्षर लागत नाहीये."

मीही हसले असते. पण मला अजून अण्णांची भीती होती. काकूंनी पिशवीतून आणखी एक पान काढलं, म्हणाल्या याची एक कॉपी दे, आणि मशीनचं झाकण त्यांनीच उचललं.

काचेवर माझा दाखला होता. पालथा.

दिवसातून पन्नास वेळा मी लोकांना विचारते, ओरिजिनल घेतलं का. स्वतःचं विसरले होते. काकूंनी कागद उलटा केला. चष्म्यावरून एकदा नाव बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. पुढे इयत्ता नववी, आणि पालकांच्या विनंतीवरून. अण्णा मागे कागदाच्या रिमा मोजत होते. काकूंनी कागद दुमडला, माझ्या हातात दिला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ओरिजिनल विसरतेस. रविवारी दुपारी घरी ये. हा आडोसा माझ्यासमोर सरळ करून दे. चुकलंय तिथंच बसून दुरुस्त करायचं."

मी गेले ते त्या काय बोलतील या धाकानं. त्या त्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत.

काकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, खिडकीत तुळस आणि तिच्याशेजारी मिरचीचं रोप, भिंतीवर वडिलांचा फोटो, ते गिरणीत होते. काकूंचा मुलगा कॉलेजात असताना त्याचे मित्र इथं जमून हा खेळ खेळायचे. काकू आत पोहे करायच्या आणि ऐकत राहायच्या. पाच-सहा वर्षं ऐकलं. मग मुलगा परदेशी गेला, खेळवणारा तोच होता, आणि मित्र म्हणाले, संपलं आता. तेव्हा काकू हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दार उघडून उभे आहात तुम्ही. आतून कुजका वास येतोय. पुढं काय करताय?" प्रसादनं मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आलेला मी बघितला. तो विमा कंपनीत कामाला, सदा चेष्टेत बोलणारा. सेजल फिजिओथेरपी करते, मराठी बोलताना मधेच गुजराती हिशेबानं "ने" म्हणते.

मी आडोसा सोडवला, पानं बदलली, परत जोडला. म्हटलं, निघते. काकू म्हणाल्या, "बस. तक्ते तू दोनदा लावलेस, आता तुला माझ्याइतके येतात. ह्यांच्यासमोर बसू नको, माझ्या बाजूला बस. राक्षसांची भीती तू सांभाळ."

मला वाटलं माझी थट्टा चाललीय. पण ते खरंच काम होतं. त्या जुन्या नियमांत राक्षसांनाही भीती असते. प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा. त्यांच्यातला पहिला पडला की साधे सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे; बेरीज आकड्याच्या वर गेली की उरलेले पळ काढतात. उंदराएवढ्या भुताचा आकडा पाच. दगडी पहारेकऱ्याचा बारा, म्हणजे तो कधीच पळणार नाही. मी ते पान परत वरपासून वाचलं. एवढे दात, एवढ्या नख्या, आणि पुढं बारीक अक्षरात प्रत्येकाची भीती लिहून ठेवलेली. माझी असती तर किती असती, मी मनात म्हटलं. दोन. दोन फाशांत जवळजवळ दरवेळी दोनच्या वरच पडतं.

ती पहिली दुपार मला अजून अंगावर येते. काकूंनी खिडकी ओढून घेतली, पंखा बंद केला. नकाशा त्यांनी आमच्या वस्तीजवळच्या जुन्या गुंफेवरूनच काढला होता, रस्त्यावरून खाली उतरणाऱ्या त्याच पायऱ्या, तीच ओल. "मशाल विझत आलीय," त्या हळूच म्हणाल्या. "मागून पाणी टपकत होतं. आता टपकत नाहीये." शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि सेजलच्या हातातली पेन्सिल खाली पडली. मधेच काकू आडोशामागे फासा टाकायच्या, बघायच्या, "हं" म्हणायच्या आणि काहीतरी लिहायच्या. त्या "हं"नं प्रसादसारखा प्रसाद गप्प व्हायचा. मी बाजूला बसून माझा श्वास मोजत होते. मग मी त्यांच्या कागदावर बघितलं. त्यांनी लिहिलं होतं: कोथिंबीर, ब्रेड, कपडे धुवायचा साबण.

मला हसू फुटलं. तोंडावर हात ठेवला तरी आवाज आला.

"काय झालं? काय लिहिलंय?" प्रसाद म्हणाला. "काकू, ही हसते का? वाट लागली ना आपली."

"हसणार नाही तर काय. तिला दिसतंय तुमचं काय होणाराय ते," काकू शांतपणे म्हणाल्या.

आणि मग अंधारातून राक्षस आला. सात फुटी, हिरवा, हातात गदा. सेजलनं दहा फुटी काठी पुढं धरली. काकूंनी आवाज खाली नेला, आणि राक्षस मालवणीत बोलला, "खंय चल्लात? चपला भायर काढा आधी. आत्ताच सारवलंय."

खोलीभर हसणं झालं. मला तेव्हा कळलं नाही, पण नंतर काकूंनी सांगितलं की तेही तक्त्यात असतं. दर काही वेळानं एक हसण्याची जागा. "घाबरलेलं माणूस श्वास धरून बसतं," त्या म्हणाल्या. "हसलं की सोडतं. माझ्या भुयारात मेलेली माणसं चालतात मला, श्वास धरून बसलेली नाही चालत. खेळच थांबतो ना."

त्यांनी मला वहीचं पान दिलं आणि फजितीचा तक्ता करायला सांगितला, वीस ओळींचा. कुणाचा फासा अगदी वाईट पडला की त्या तक्त्यातून काहीतरी घडायचं. मी आठवडाभर दुकानात बसून लिहायची, बिघडलेल्या झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूला. तलवार निघत नाही, म्यानच सुटून येतं. मंत्र म्हणताना उचकी लागते, आणि उचकीचाही काहीतरी परिणाम होतो. मशाल विझते, अंधारात कुणीतरी तुमचा हात धरतं, तो तुमच्यातल्या कुणाचाच नाही, पण हात मऊ आहे. हे वाचल्यावर काकूंनी चष्मा काढला. "हे तू लिहिलंस?" नववीनंतर माझं लिहिलेलं कुणी वाचलेलं ती पहिली वेळ.

दिवाळी गेली, थंडी आली, गणिताचं पुस्तक मी दुकानात स्पायरलच्या डब्यामागे ठेवायची. काकू रविवारी खेळ संपला की एक-दोन गणितं बघायच्या. त्यांना स्वतःला बीजगणित फारसं आठवत नव्हतं, सेजल मदत करायची. प्रसादचा उपयोग एवढाच की तो विचारायचा, "या पेपरचा भीतीचा आकडा किती गं?"

"बारा," मी म्हणायची.

"छे. सात असेल. पहिला प्रश्न पाड, मग बघ बाकीचे कसे पळतात."

तो हसायचा. मी हसायची नाही. फेब्रुवारी संपत आला तसं मला जेवण जाईना. आईचा फोन यायचा, "काय करायलीस बाई? आवाज का असा?" मी सांगायची, खोकला आहे. खोटं बोलण्याची एवढी सवय झाली होती की खोकलाही यायचा. मला पेपर अवघड जाण्याची भीती नव्हती. भीती एकच होती, मी परत उठेन. पाय माझे आहेत पण त्या वेळी माझं ऐकत नाहीत, हे मला माहीत होतं. आणि यावेळी उठले तर आयुष्यात परत कधी बसणार नाही, तेही माहीत होतं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी काकूंनी खेळ ठेवला नाही. म्हणाल्या, "तक्ता कर. हॉलचा. सहा ओळी पुरेत. काय काय होऊ शकतं ते लिही, आणि प्रत्येकाची फजिती कर."

मी लिहिलं. एक, पेन बंद पडेल, दुसरंही पडेल, आणि मी लिपस्टिकनं लिहीन, जी मी लावत नाही. दोन, गेटवर मला पालक समजतील. तीन, कवायत मास्तर कुणाला तरी ओरडतील आणि मी उभी राहीन. चार, भरारी पथक येईल, माझी ओढणी झटकायला सांगेल, त्यातून टोनरची काळी भुकटी उडेल आणि सगळे शिंकतील. पाच, शेजारची मुलगी मला काकू म्हणेल. सहाव्या ओळीला मी थांबले. मग लिहिलं, मी उठून निघून जाईन.

काकूंनी सगळं वाचलं. "सहाव्यात फजिती कुठाय?"

"त्यात नाहीये काकू."

"आधी कशी गेली होतीस?"

मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं. पोतं, पावलं, दारातल्या चपला. कढईतलं तेल तापत होतं, त्यांनी उठून गॅस बंद केला, परत येऊन बसल्या. मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या ओळीपुढे लिहिलं: पण चपला बाकाखाली राहतील, आणि त्या शोधायला परत बसावं लागेल.

"हॉलमध्ये गेलीस की पहिलं काम, चपला काढायच्या," त्या म्हणाल्या. "आत सरकव. पायाला लागणार नाहीत एवढ्या आत. घाबरतंस कित्याक गो, पळायचं तर पळ. पण अनवाणी नको. मार्चचं डांबर आहे."

पेपरच्या वेळात आमच्या दुकानाचं शटर खाली, म्हणून मी मोकळी. माझं केंद्र गोरेगावात होतं. अण्णांना वाटायचं मी आत्याकडे जाते. पहिल्या दिवशी मी गेटमधून आत शिरायला लागले तर वॉचमन हात आडवा करून म्हणाला, "पालकांनी इथंच थांबायचं, मॅडम." मी तेवीस वर्षांची होते. भीतीनं कान गरम झालेले असताना मला तक्त्यातली दुसरी ओळ आठवली, आणि मी त्याच्याकडे बघून हसले. हॉलतिकीट दाखवलं. तोही हसला, "जा ताई, जा. ऑल द बेस्ट."

भाषेचे पेपर गेले कसेबसे. मग गणित.

मी चपला काढल्या. अंगठ्यानं आत ढकलल्या. फरशी गार होती. पेपर आला. मी पहिला प्रश्न वाचला, परत वाचला, आणि ते आलं. तेच. अक्षरं होती आणि त्यांचं काही होत नव्हतं. पंखा वर खडखडत होता, माझ्या पुढच्या मुलीची वेणी हलत होती, एवढंच जग उरलं. बाई मागून येत होत्या. त्यांच्या सँडलचा आवाज, एक, मग दुसरा. छातीवर पोतं पडलं. मी उठले नव्हते तरी मला मी दारात दिसत होते. आणि मग मी खरंच उठायला लागले. हात बाकावर टेकले, गुडघे सरळ व्हायला लागले. पायानं चप्पल शोधली.

चप्पल नव्हती. पुढच्या बाकाखाली गेली असावी, मी फार आत ढकलली होती. मी पाय लांब केला. उभ्यानं पाय पोचेना. म्हणून मी परत बसले, आणि बाकाखाली पाय फिरवत राहिले, डावीकडे, उजवीकडे. पायाला धूळ लागली, चॉकचा तुकडा लागला. पुढची मुलगी वळून म्हणाली, "काकू, पाय मारू नका ना."

पाचवी ओळ.

मी हसले नाही. पण श्वास सुटला. बाई टेबलापाशी जाऊन काहीतरी लिहायला लागल्या, आणि मला खात्री होती त्या माझा नंबर लिहीत आहेत. मग वाटलं, कोथिंबीरही असेल. पाय अजून शोधतच होता आणि डोळे पेपरवर होते, दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून. पहिला प्रश्न तसाच होता. तिसरा मात्र ओळखीचा निघाला, सेजलनं मुगाचे दाणे मांडून समजावलेला. मी तो सोडवला. उत्तराखाली रेघ मारली. एक पडला होता. आता बाकीच्यांचा आकडा किती, हे मी मनात विचारलं आणि पेन सोडलं नाही. पेपर संपेपर्यंत भीती गेली नाही, ती माझ्या बाजूलाच बसून होती. घंटा झाली तेव्हा मी वाकून चपला काढल्या. डावीवर पुढच्या मुलीचा पाय होता.

काठावर पास झाले, पण झाले. पेढा द्यायला अण्णांकडे गेले आणि तेव्हाच सगळं सांगून टाकलं, आधी खोटं बोलले होते तेही. "मला काय," ते म्हणाले. "तू स्पायरल नीट मारतेस. पुढच्या वेळी अर्धा तास आधी सोडत जाईन." आईला फोन केला तर ती आधी रडली आणि मग विचारलं, "म्हंजे खोकला नव्हता?"

काकूंची इमारत आता नाही. गेल्या वर्षी पाडली, नवी होते आहे. तिथं पत्रे लावलेत आणि आत दिवसभर ड्रिलचा आवाज असतो. नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत काकू कुडाळजवळ बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना आडोसा मला दिला. "तुझ्याकडे ठेव. तिकडे ओल आहे, बुरशी धरेल." तो आता मशीनच्या बाजूला दुमडून ठेवलेला असतो. ड्रॅगनचं शेपूट जरा उडालंय. मी रोज एकदा पुसते.

प्रसाद आणि सेजल महिन्यातून एकदा तरी विचारतात, तू खेळव ना. मी नाही म्हणते. समोर बसलेल्या माणसांचं पुढं काय होणार ते आपण ठरवायचं, आवाज खाली न्यायचा, त्यांनी श्वास धरला की नेमकं कुठं सोडवायचा ते ओळखायचं. मला त्याची परीक्षेइतकीच भीती वाटते. बारावीचा फॉर्म यंदाच्या पावसाळ्यानंतर भरायचा आहे. त्याचीही वाटते. मी अजून दोनाच्या आकड्याचीच आहे.

पण परवा फोनवर काकूंना सहज विचारलं, काकू, तुम्ही स्वतः कधी भुयारात उतरलात का? तलवारवाली वगैरे होऊन?

"मी कुठली," त्या म्हणाल्या. "आधी पोहे होते. मग तुम्ही होतात."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. एवढ्या वर्षांत त्या बाईनं सगळ्यांना अंधारात नेलं आणि परत आणलं, आणि स्वतः एकदाही मशाल धरली नाही. फासा टाकून पुढं काय होईल म्हणून छाती धडधडली नाही त्यांची. त्यांना कायम सगळं माहीत असायचं.

म्हणून हे इथं लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. काकू, नव्या घराच्या चाव्या मिळतील तो पहिला रविवार माझा. पोहे प्रसाद करेल, कसे का होईनात. सेजल तुमच्या शेजारी काठी घेऊन बसेल. तुम्ही एक कोरा कागद घ्यायचा, वर नाव लिहायचं, आणि टेबलाच्या त्या बाजूला बसायचं. राक्षसांची, दारांची, पाण्याच्या आवाजाची जबाबदारी माझी. मी घाबरलेली असेन, आवाज कापेल, मधेच उगाच फासा टाकून "हं" म्हणेन आणि कागदावर कोथिंबीर लिहीन. तुम्हाला ते कळेल, तरी घाबरायचं. आणि बसायच्या आधी माझ्या चपला मी टेबलाखाली सरकवीन, पाय पोचणार नाही इतक्या आत.